आकडा किती धरायचा?

समाजसेवेला माझी ना नाही. ऐन मे महिन्यात पाणपोईचे रांजण भरायला सांगा, दवाखान्यात कुणाच्या उशाशी रात्र काढायला सांगा, मी चपला घालून तयार. फक्त त्या सेवेचा वार्षिक गौरव सोहळा करायला सांगू नका.

आमची संस्था सोलापूरच्या पूर्व भागातली, म्हणजे विणकरांच्या वस्तीतली. रक्तदान शिबिरं, डोळ्यांची तपासणी, विडी कामगारांच्या पोरांसाठी संध्याकाळचे वर्ग, उन्हाळ्यात पाणपोई, असा पसारा. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणतात. मी जन्मभर कारकुनी केली, म्हणून वार्षिक अहवाल माझ्या गळ्यात. तर यंदा अण्णांना कुठूनतरी कळलं की ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन असतो आणि तो १९८५ साली खुद्द संयुक्त राष्ट्रांनी ठरवलाय. झालं! "सगळं जग करायलंय, आपणच काय घोडं मारलंय बे कुणाचं?"

५ डिसेंबरला कार्यकारिणीतल्या दोघांच्या घरी लग्नं निघाली. जानेवारीत गड्ड्याची जत्रा. सिद्धरामेश्वरांची यात्रा लागली की आमचे निम्मे कार्यकर्ते पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजामागं, उरलेले गड्ड्यावर पाळण्यात. मग १२ जानेवारी सुचवली गेली. तो तर सोलापूरचा हुतात्मा दिन. १९३१ साली इंग्रजांनी आपल्या गावच्या चौघांना फाशी दिली तो दिवस. त्या दिवशी चार पुतळ्यांना हार घालायचे असतात, स्वतःच्या गळ्यात नाही, एवढं भान सुदैवानं सभेला होतं. फेब्रुवारीत परीक्षा, मार्चमध्ये हिशोब, असं ढकलत ढकलत प्रकरण एप्रिलवर आलं. एप्रिलमधलं सोलापूर म्हणजे पारा बेचाळीसवर आणि डांबर चपलेला चिकटलेलं.

तरी तारीख ठरेना, कारण पाणी. आमच्याकडं नळ काही दिवसांआड येतो, आणि प्रत्येक भागाचा वार वेगळा, वेळ वेगळी. पाण्याच्या दिवशी बाई घराबाहेर पडत नाही. खुद्द पंतप्रधान सत्काराला आले तरी ती म्हणेल, "बसा, एवढी टाकी भरू द्या." आणि आमच्या स्वयंसेवकांत बायकाच जास्त. मी सगळ्या पेठांचे पाण्याचे वार एका कागदावर मांडले. साखर पेठेला सोयीचा दिवस काढावा तर जुळे सोलापूरला पाणी. त्यांचं जमवावं तर कुंभारीच्या विडी घरकुलात टँकरची वाट बघणं चालू. लग्नाचे मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींना निदान ग्रहांशीच गाठ असते, पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याशी नसते.

शेवटी एक रविवार सापडला आणि आम्ही अहवालाला बसलो.

"रक्तदानाचा आकडा किती धरायचा?" अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, जेवढ्या पिशव्या तेवढा. खजिनदार हसले. त्यांचा भाचा रक्तपेढीत असतो. "मालक, एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे काढता येतात. म्हणजे तीन पेशंट. गुणिले तीन करा."

"अहो, प्रत्येक पिशवीचं तसं करतातच असं नाही. आणि प्लेटलेट पाच दिवसांत वापरल्या नाहीत तर वाया जातात."

"तुम्ही त्या पेशंटला आधीच का मारायलाव?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. गुणिले तीन झालं. वजन पंचेचाळीस किलोच्या खाली म्हणून, नाहीतर हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली म्हणून ज्यांना शिबिरातून परत पाठवलं होतं, त्यांना अण्णांनी 'आरोग्य तपासणी लाभार्थी' या सदरात बसवलं. नुसता चहा पिऊन, बिस्किटं खिशात घालून गेलेली पोरं 'जनजागृती'त गेली. परत पाठवलेल्यांत विडी वळणाऱ्या बायाच जास्त होत्या. खरं तर वर्षभरात आम्हाला कळलेली एवढी एकच गोष्ट लिहिण्यासारखी होती, पण अहवालात तिला रकाना नव्हता. मी सुचवून पाहिलं. अण्णा म्हणाले, "ह्यात साध्य काय झालं ते सांगा." वृक्षारोपणाच्या आकड्याचं मी काही बोलत नाही. खड्डे गेल्या वर्षीचेच आहेत, एवढंच.

मग सत्कारात काय द्यायचं यावर चर्चा. शाल द्यावी तर परगावची आणावी लागते, आणि सोलापूरच्या माणसानं परगावचं कापड पांघरणं म्हणजे पूर्व भागाच्या नाकाला मिरची. चादर द्यावी तर सोलापुरी चादर ही काय चीज आहे ते सगळ्यांना ठाऊक. तिला भौगोलिक मानांकन आहे, मोर आहे, आणि थंडीत अंगावर घेतली की माणूस सकाळपर्यंत कूस बदलत नाही. ती बेचाळीस अंशांत साठीच्या बाईच्या खांद्यावर टाकली, तर पुढची रुग्णवाहिका सेवाही आम्हालाच द्यावी लागली असती. शेवटी टॉवेल ठरला. मानांकन त्यालाही आहेच, आणि आपल्याकडं आहेराला टॉवेल-टोपी चालतेच की.

कार्यक्रम शाळेच्या पटांगणात, मांडव घालून. ज्यांचा सत्कार व्हायचा त्या स्वयंसेवकांनीच सकाळी सतरंज्या झाडल्या, दुपारी खुर्च्या मांडल्या, संध्याकाळी माठ भरले. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले आणि पहिला टॉवेल त्यांना गेला. त्यांच्याबरोबर आलेल्या पाच जणांना पाच. यादीतले टॉवेल संपत चाललेले बघून खजिनदार गुपचूप दुकानाकडं पळाले.

पाहुण्यांच्या भाषणात दहाव्या मिनिटाला डॉ. कोटणीस आले. सोलापुरात सेवेवर बोलताना ते यायचेच, आणि यावेतच. १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यातला हा आपल्या गावचा माणूस. ९ डिसेंबर १९४२ ला तिकडंच गेला, वय अवघं बत्तीस. एवढ्या मोठ्या माणसाच्या शेजारी पाहुण्यांनी आमची पाणपोई नेऊन ठेवली. "ह्या भगिनीसुद्धा त्यांच्याच पावलावर पाऊल ठेवून निघाल्या आहेत!" टाळ्या. दुसऱ्या रांगेतल्या अक्कांनी घाबरून मला विचारलं, "दादा, आम्हाला कुठं पाठवायलेत?"

ह्या अक्का घरकुलातल्या. संध्याकाळच्या वर्गाला स्वतःची खोली देतात, पोरांना हाक मारून गोळा करतात, कोण आलं नाही ते घरी जाऊन बघून येतात. दिवसाला हजार विड्या वळतात ते वेगळंच. भाषण चाललं होतं आणि त्यांचे हात मांडीवर आपोआप चालू होते: अंगठा आणि तर्जनीत काहीच नसलेलं पान फिरायचं, टोक दुमडायचं, अदृश्य दोरा बसायचा, आणि विडी बाजूला. मी बराच वेळ तेच बघत बसलो. पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत निदान विड्यांचा एक कट्टा तरी झाला असेल.

त्यांचं नाव पुकारलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. टॉवेल हातात पडताच त्यांनी तिथंच, व्यासपीठावर, घडी मोडून तोंडावरचा घाम पुसला. छायाचित्रकार ओरडला, "अक्का, घडी मोडू नका, फोटो व्हायचाय!" अक्का म्हणाल्या, "टॉवेल माझाच हाय न्हवं?" आणि, "मी चालले. पानं भिजत घातलीत."

जेवणात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि हुग्गी. वाढायला अर्थातच उरलेले सत्कारमूर्ती.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली: 'पाचशे जणांच्या उपस्थितीत सेवेकऱ्यांचा गौरव.' अण्णांनी कात्रण काढून काचेखाली सरकवलं तोवर मांडववाला तोच पेपर घेऊन दारात हजर.

"काय ओ अण्णा, दोनशे खुर्च्यांचं भाडं ठरलं होतं. पाचशे माणसं बसली म्हणे. बाकीची काय एकमेकांच्या मांडीवर बसली होती?"

अण्णांनी त्याला प्रेमानं समजावलं, की बातमीतला आकडा वेगळा असतो, बिलातला वेगळा असतो. मांडववाला म्हणाला, पेपर कधी खोटं छापत नाही असं तुम्हीच मागच्या सभेत बोललात, मी स्पीकर लावायला होतो. आता अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मी अहवालात डोकं घातलं.

"ह्यांचं नाव पुढच्या वर्षीच्या सत्काराच्या यादीत घ्या," अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले.

मांडववाल्याचे कान तिखट. "टॉवेल नको, मालक," तो म्हणाला. "रोख."