खिडक्या बदलायला निघण्यापूर्वी: एका फिरत्या संदेशाचा समाचार

‘तुमच्या घराच्या खिडक्यांची मुदत संपली आहे का? ही लक्षणे तपासा’ अशा मथळ्याचा एक संदेश पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागतो. यंदा तो ठाण्याला माझ्या आत्यापर्यंत पोहोचला आणि तिने फोन करून मला एवढेच विचारले, “उद्या माणूस मापं घ्यायला येतोय, काच हिरवी घेऊ की काळी?” खिडक्या बदलायच्या की नाही हा प्रश्न तिच्यापुरता निकालात निघालेला होता. तिची इमारत सत्तरच्या दशकातली आहे, खिडक्या सागवानी आहेत आणि स्वयंपाकघरातली एक सोडली तर सगळ्या व्यवस्थित उघडतात, व्यवस्थित लागतात. असे असताना भल्यामोठ्या खर्चाला तिला प्रवृत्त करणाऱ्या त्या मजकुरातला एकेक मुद्दा सोलून पाहणे भाग पडले.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पंधरा वर्षांहून जुनी खिडकी बदललीच पाहिजे. पावसात झडप फुगून अडकली, काचेवर दव साचले किंवा खिडकीखालच्या भिंतीला ओल आली की खिडकी निकामी झाली असे समजावे. तिच्या जागी यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, स्लायडिंग खिडकी बसवली की आयुष्यभर देखभाल नको, दुहेरी काचेमुळे विजेचे बिल निम्म्यावर, रस्त्याचा आवाज बंद आणि हवा पूर्वीपेक्षा जास्त. काम घराच्या आतले असल्यामुळे सोसायटीला विचारण्याची गरज नाही, आणि जुन्या खिडक्या काढून नेण्याचे काम ‘मोफत’.

पंधरा वर्षांचा आकडा कुठून आला हे संदेशात नाही, आणि ते असणे शक्यही नव्हते, कारण सागाची चौकट, लोखंडी अँगलची खिडकी आणि हलक्या ॲल्युमिनियमची स्लायडिंग या तिन्हींना एकच वय लावता येत नाही. लाकूड वयाने कुजत नाही, ओलाव्याने कुजते. लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला तरच कुजवणारी बुरशी तिथे तग धरते, आणि सागाचा गाभा तर या बुरशीला आणि वाळवीलाही चांगलीच दाद न देणारा असतो. बाहेरच्या बाजूचे फिकट लाकूड मात्र तितके कणखर नसते. म्हणून वर्षे मोजण्यापेक्षा पाणी कुठे मुरते आहे ते शोधावे. आत्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ते दिसले. काच बसवलेली लांबी (पुट्टी) खालच्या बाजूला तडकून सुटली होती, त्या फटीतून पाणी झडपेच्या खालच्या आडव्या पट्टीत उतरत होते, आणि तिथे एका कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरचे टोक जरासा जोर देताच आत गेले. वीतभर बाजूला मात्र तेच टोक खणखणीत अडले. एवढ्या दुखण्याला सुताराने कुजका भाग कापून नवा तुकडा सांधणे, लांबी नव्याने भरणे आणि दोन हात रंग देणे पुरते. एका झडपेच्या एका पट्टीसाठी घरातल्या सगळ्या खिडक्या चौकटीसकट उपटण्याचा सल्ला ज्याने दिला, त्याला खिडकीपेक्षा मापे घेण्यात अधिक रस आहे, असे माझे मत झाले तर त्यात माझा दोष नाही.

पावसात झडप अडकण्याविषयी फार लिहायला नको. लाकूड दमट हवेत फुगते आणि दिवाळीनंतर आक्रसते, हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. एकच काळजी घ्यावी: ऑगस्टमध्ये रंधा मारून घेऊ नये, नाहीतर मार्चमध्ये तिथेच बोटभर फट दिसते. कोरड्या दिवसांत रंधा मारावा आणि झडपेच्या वरच्या व खालच्या कडांना रंग द्यावा, कारण रंगारी नेमक्या त्याच कडा सोडून देतात आणि पाणी तिथूनच शिरते.

काचेवरच्या दवाचा मुद्दा हास्यास्पद आहे. जुलैमध्ये आत एसी चालू असेल तर गार झालेल्या काचेच्या बाहेरच्या अंगावर बाष्प साचते. बर्फ घातलेल्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तोच हा प्रकार. त्यात पेला निकामी झालेला नसतो. दव काचेच्या आतल्या बाजूला साचत असेल तर घरात वाळत घातलेले कपडे आणि स्वयंपाकाची वाफ यांना बाहेर जायला वाट नाही, एवढाच त्याचा अर्थ. खिडकीचा दोष दाखवणारे दव एकाच जागी असते, ते म्हणजे दुहेरी काचेच्या दोन तावदानांच्या मधे, जिथे हात पोहोचत नाही. तिथे बाष्प दिसले तर कडेचे सील फुटले आहे हे नक्की. पण तेव्हाही काचांची ती जोडी बदलतात, चौकट नव्हे. आणि हे दुखणे फक्त दुहेरी काचेलाच होते, म्हणजे संदेश जी खिडकी घ्या म्हणतो तिलाच. आत्याच्या एकेरी काचेला ते होणे शक्यच नाही.

खिडकीखालच्या ओलीचा दोष बहुतेकदा खिडकीकडे जातच नाही. छज्जा जिथे भिंतीला मिळतो तिथली भेग, छज्ज्याच्या खालच्या अंगाला कडेने असलेली बारीक खाच प्लास्टरने बुजणे (ही खाच असली की पाणी भिंतीकडे न वळता तिथेच ठिबकून खाली पडते), किंवा खिडकीबाहेरचा कट्टा आतल्या बाजूला उतरता असणे, ही नेहमीची कारणे. कोरड्या दिवशी बाहेरून पाइपने पाणी मारून पाहावे, आधी कट्ट्याखाली, मग कट्ट्यावर, मग चौकटीच्या कडांवर आणि शेवटी छज्ज्यावर. ज्या टप्प्याला आत ओल दिसेल तिथे काम करावे. उलट क्रमाने पाणी मारले तर काहीच कळत नाही, कारण वरचे पाणी सगळीकडूनच ओघळते. इमारत नवी असेल तर खिशात हात घालण्याचे मुळीच कारण नाही. २०१६ च्या रेरा कायद्याच्या चौदाव्या कलमानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर तो तीस दिवसांत, जादा पैसे न घेता, दुरुस्त करण्याची जबाबदारी त्याची आहे. ज्यांच्या घराला तीन वर्षेही झाली नाहीत अशी माणसे या संदेशाच्या नादाने गळकी खिडकी स्वखर्चाने बदलतात, हे पाहून हळहळ वाटते.

आता ज्या दाव्याने खरे नुकसान होते त्याकडे येतो: स्लायडिंग खिडकीतून जास्त हवा येते. हे साफ उलटे आहे, आणि ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दोन झडपांची स्लायडिंग पूर्ण उघडली तरी एक झडप दुसरीच्या मागे उभी राहते, म्हणजे अर्धी खिडकी कायमची बंद. तरीही कोणाला कागद हवा असेल तर तो आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तीत खिडकीचा किती भाग खरोखर उघडतो हे ठरवण्यासाठी आकडे दिले आहेत: बिजागरीवर दारासारख्या उघडणाऱ्या खिडकीला ९० टक्के, दोन झडपांच्या स्लायडिंगला ५० टक्के, तीन झडपांच्या स्लायडिंगला ६७ टक्के. चार फूट बाय चार फुटांची, म्हणजे सोळा चौरस फुटांची खिडकी घेतली, तर बिजागरीच्या खिडकीतून साडेचौदा चौरस फुटांच्या आसपास वाट मिळते आणि दोन झडपांच्या स्लायडिंगमधून आठ. तिसऱ्या ट्रॅकवर काचेऐवजी मच्छरदाणीची जाळी असेल, आणि बहुतेक घरांत ती असतेच, तर वाट आठच चौरस फुटांची राहते, शिवाय त्या आठांतली हवाही जाळीतून गाळून येते. भरीला अनेक ठिकाणी मेहनत वाचवण्यासाठी जुनी चौकट तशीच ठेवून तिच्या आत नवी फ्रेम बसवतात; मग मूळचे सोळा फूटही उरत नाहीत.

याच संहितेत मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात घराच्या कार्पेट क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, इतका भाग बाहेरच्या हवेला उघडणारा असावा असे म्हटले आहे. साडेचारशे चौरस फुटांच्या घराला हे पंचाहत्तर चौरस फूट होतात. ही संहिता नव्या प्रकल्पांसाठी आहे, आत्याच्या इमारतीला ती लागू होत नाही, हे मान्य. पण घामाला इमारतीचे वय कळत नाही. दमट हवेत अंगावरून वारा वाहता राहणे हाच बिनखर्चाचा गारवा असतो. ज्यांनी सागवानी झडपा काढून स्लायडिंग बसवल्या, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना पुढच्याच मे महिन्यात बेडरूमला एसी लावावासा वाटतो, आणि खिडकीमुळे ‘वाचलेले’ बिल दुसऱ्या दाराने घरात येते.

बिल निम्म्यावर येण्याचा दावा मुळात आपल्या हवामानातला नाही. जिथे हिवाळाभर घर तापवावे लागते तिथे दुहेरी काच उष्णता आत धरून ठेवते आणि तिचा फायदा रोज मोजता येतो. आपल्याकडे दिवसाचा बराच काळ खिडक्या उघड्या असतात, आणि उघड्या खिडकीला काच एकेरी आहे की दुहेरी याने काही फरक पडत नाही. बंद असताना आत येणारी उष्णता मुख्यतः थेट उन्हाची असते. साध्या एकेरी काचेतून उन्हातली सुमारे ऐंशी टक्के उष्णता आत येते, तर साध्या दुहेरी काचेतून सत्तर ते पंचाहत्तर टक्के. फरक आहे, पण निम्मे बिल त्यात बसत नाही. पश्चिमेच्या खिडकीवर पुरेसा छज्जा किंवा बाहेरून बांबूचा पडदा असेल तर ऊन काचेवर पडतच नाही. पडदा काचेच्या आतून लावला तर मात्र तोवर ऊन घरात शिरलेले असते.

आवाजाच्या मुद्द्यात तथ्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. घोडबंदर रस्त्यालगत किंवा रेल्वेरुळांशेजारी ज्यांचे घर आहे त्यांना घट्ट बसणाऱ्या नव्या खिडकीने खरोखर आराम पडतो. मात्र तो आराम रबरी गॅस्केटवर दाबून बंद होणाऱ्या बिजागरीच्या खिडकीने आणि लॅमिनेटेड (मधे प्लास्टिकचा पातळ थर असलेल्या) काचेने मिळतो. स्लायडिंगच्या झडपा ब्रशसारख्या लोकरी पट्टीवर सरकतात आणि त्या फटींतून आवाज आरामात येतो. शिवाय हा आराम फक्त खिडकी बंद असतानाच मिळतो. यूपीव्हीसीला गंज लागत नाही हेही खरे, आणि खाऱ्या वाऱ्याच्या किनारपट्टीवर ही मोठी सोय आहे. पण गंज न लागणे आणि देखभाल न लागणे यांत अंतर आहे. रोलर झिजतात, गॅस्केट कडक होऊन आखडते, ट्रॅकमधली पाणी बाहेर जाण्याची भोके धुळीने बुजतात आणि मग पहिल्याच जोराच्या सरीत ट्रॅक भरून पाणी आत सांडते. कोपरे वितळवून जोडलेले असल्याने यूपीव्हीसीची पट्टी (प्रोफाइल) तडकली तर गल्लीतला सुतार काही करू शकत नाही. ज्याने बसवली त्यालाच शोधावे लागते, तो सापडला तर.

खिडकी बदलण्याची वेळ येतच नाही, असे नाही. चौकटच जिथे भिंतीत गाडली आहे तिथे, विशेषतः खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, पोकळ झाली असेल, लोखंडी खिडकीचा गंज आरपार गेला असेल किंवा गंजाच्या फुगवट्याने बाजूचे प्लास्टर फोडत असेल, किंवा चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजल्यावर त्यांत ठळक फरक येत असेल आणि झडप कितीही तासली तरी बसत नसेल, तर दुरुस्तीवर पैसे घालवू नयेत. मात्र कर्णांतला फरक अलीकडेच पडला असेल तर खिडकीवाल्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे, कारण अशा वेळी बहुधा चौकट नव्हे, भिंत हललेली असते. बदलायचेच ठरले तर यूपीव्हीसीतही बिजागरीची खिडकी मिळते, ती मागावी, प्रोफाइलच्या आत गॅल्व्हनाइज्ड पोलादाची पट्टी आहे का ते कापलेल्या तुकड्यात डोळ्यांनी पाहावे, आणि ग्रिल नव्याने करणार असाल तर आगीच्या वेळी बाहेर पडता यावे म्हणून तिचा एक भाग आतून उघडणारा ठेवावा.

सोसायटीला विचारण्याची गरज नाही, हा सल्ला तर भांडणाला आमंत्रण आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत भर घालण्यासाठी किंवा बदल करण्यासाठी समितीची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते, आणि खिडकी तर इमारतीच्या दर्शनी भागाचाच हिस्सा आहे. चौकट उपटताना बाहेरचे प्लास्टर फुटते आणि त्याची ओल खालच्या मजल्यावरच्या घरात उतरते. राहता राहिली ती ‘मोफत’ काढून नेण्याची उदारता. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जुना साग कोणी फुकट देत नाही. आत्याकडे आलेल्या अंदाजपत्रकात मात्र काढलेल्या लाकडाचा उल्लेखच नव्हता. तो लेखी मागावा, लाकडाची किंमत एकूण रकमेतून वजा करून घ्यावी, आणि त्याच दिवशी ओळखीच्या सुताराकडून दुरुस्तीचाही दर मागवावा.