‘लाल म्हणजे पाच, काळी म्हणजे शंभर’ हा तक्ता घेऊन कॅसिनोत जाऊ नका

गोव्याची सहल ठरली की मित्रांच्या ग्रुपवर कॅसिनोतल्या चिप्सचा, म्हणजे पैशांऐवजी खेळात लावायच्या चकत्यांचा, एक रंगीत तक्ता हमखास येऊन पडतो. पांढरी चिप १, लाल ५, हिरवी २५, काळी १००, जांभळी ५००. खाली मजकूर असा: जगभरातल्या कॅसिनोंत हे रंग आंतरराष्ट्रीय नियमाने ठरलेले आहेत, एकदा पाठ करा, कुठेही फसणार नाही. खरी चिप मातीची आणि साडेअकरा ग्रॅमची असते. आणि चिप म्हणजे रोकडच, कुठल्याही कॅसिनोत वटते. पहिल्यांदा जाणारी माणसं यावर विश्वास ठेवून खरे पैसे लावतात, म्हणून हे एकेक तपासून घ्यायला हवं.

‘आंतरराष्ट्रीय नियम.’ असा नियम नाही आणि तो करणारी संस्थाही नाही. हे रंग अमेरिकेतले आहेत, आणि तिथेही ते सगळीकडे सक्तीचे नाहीत. न्यू जर्सी राज्याने मात्र ते खरोखर कागदावर आणले आहेत. त्या राज्यातल्या अटलांटिक सिटीत १९७८ मध्ये पहिला कॅसिनो सुरू झाला. तिथल्या नियमावलीत १ डॉलरला पांढरा, ५ ला लाल, २५ ला हिरवा, १०० ला काळा, ५०० ला जांभळा रंग नेमून दिलेला आहे. एका राज्याचा नियम जगाचा म्हणून फिरतोय, एवढंच.

नेवाडात, म्हणजे लास वेगास ज्या राज्यात आहे तिथे, सरकार रंग ठरवून देत नाही. त्यांचा आग्रह वेगळ्या गोष्टींचा आहे. चिपवर कॅसिनोचं नाव, ठिकाण आणि रक्कम छापलेली हवी, आणि निरनिराळ्या रकमांच्या चिप्सची चवड रचली तरी कॅमेऱ्यावर कुठली चिप किती रकमेची हे कळायला हवं. चिपच्या कडेला जे वेगळ्या रंगाचे पट्टे दिसतात ते यासाठीच. चवड रचली की सगळ्यात वरची सोडून बाकीच्या चिप्सवरचा आकडा झाकला जातो, उरते ती कडच. वेगासमध्ये लाल पाच आणि काळी शंभर ही रूढी बरीच पाळली जाते, हे मान्य. पण १ डॉलरची चिप तिथेच एका ठिकाणी पांढरी तर दुसरीकडे निळी असते. आणि लॉस एंजेलिसच्या आसपासच्या मोठ्या कार्डरूम्समध्ये, म्हणजे पैसे लावून पत्ते खेळायच्या जागांत, गेलात तर ५ ची चिप पिवळी आणि १०० ची पांढरी! तक्ता पाठ केलेल्या माणसाने तिथे डीलरला, म्हणजे टेबलावरचा खेळ चालवणाऱ्या कर्मचाऱ्याला, टिप म्हणून एक पांढरी चिप सरकवली, तर एकाच्या जागी शंभर डॉलर गेले.

शिवाय तक्त्यात चलनच लिहिलेलं नाही. १, ५, २५ ही चढण डॉलरची आहे. गोव्यात हिशोब रुपयांत चालतो. मकाऊत तो हाँगकाँग डॉलरमध्ये असतो आणि मोठ्या रकमांसाठी गोल चिपऐवजी चौकोनी पाट्या असतात. मांडवी नदीवरच्या कॅसिनोच्या बोटीत बसून हिरवी चिप म्हणजे पंचवीस रुपये असं कुणी धरत असेल, तर त्याला वेळीच थांबवा.

‘रंगावरून रक्कम कळते.’ हा दावा सगळ्यात आधी उघडा पडतो तो रूलेटच्या, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यावर थांबेल यावर पैसे लावायच्या खेळाच्या, टेबलावर. तिथे खेळायला बसलात की डीलर तुम्हाला एका रंगाच्या चिप्स देतो, शेजारच्याला दुसऱ्या, त्याच्या पलीकडच्याला तिसऱ्या. एकाच आकड्यावर चार जणांचे पैसे पडले तर कुणाचे कुठले हे कळावं, म्हणून ही सोय. या चिप्सवर रक्कम छापलेलीच नसते. तुम्ही विकत घेताना जो भाव सांगाल तो तुमच्या रंगाचा भाव, आणि डीलर तशी खूण चाकाजवळ करून ठेवतो. तुमची निळी १०० ची असेल आणि शेजारणीची पिवळी ५०० ची. या चिप्स त्याच टेबलावर परत करून नेहमीच्या चिप्स घ्यायच्या असतात. खिशात घालून दुसऱ्या टेबलावर नेल्या तर त्यांची किंमत सांगणारं काहीच उरत नाही. रंग इथे माणसाचा असतो, रकमेचा नाही.

पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या टूर्नामेंटमध्ये आणखी निराळं. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत १०,००० डॉलर भरून उतरलेल्या खेळाडूला २०१९ पासून ६०,००० च्या चिप्स मिळतात. तो आकडा फक्त त्या स्पर्धेतल्या खेळापुरता. त्यातली एकही चिप कॅशियरकडे वटत नाही, मग ती काळी असो की जांभळी.

वजनाचं थोडक्यात. साडेअकरा ग्रॅमच्या चिप्स प्रामुख्याने घरी खेळायच्या संचांत मिळतात, आणि त्यांत वजनासाठी बहुधा धातूची चकती भरलेली असते. कॅसिनोतली चिप साधारण साडेआठ ते दहा ग्रॅमची, मिश्रणाची किंवा सिरॅमिकची. निव्वळ माती आता कुणी वापरत नाही. या कसोटीवर अस्सल चिपच नापास होईल.

राहिला सगळ्यात महागात पडणारा दावा: ‘चिप म्हणजे रोकड.’ नेवाडाच्या नियमांत चिप हा कॅसिनोच्या देण्याचा पुरावा मानला आहे. म्हणजे ज्याने दिली तोच ती वटवायला बांधील, आणि तो ती चलनातून बाद करू शकतो. १४ डिसेंबर २०१० रोजी वेगासच्या बेलाजिओ कॅसिनोत हेल्मेट घातलेला एक माणूस पिस्तूल दाखवून सुमारे १५ लाख डॉलरच्या चिप्स घेऊन मोटरसायकलवरून पळाला. कॅसिनोने त्यांतली २५,००० डॉलरची चिपच बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि ज्यांच्याकडे असतील त्यांना वटवायला २२ एप्रिल २०११ पर्यंत मुदत दिली. चोराला त्या वटवता येईनात. गुपचूप विकायला गेला आणि साध्या वेशातल्या पोलिसांच्या हाती लागला.

गोव्यात चोर नसलेल्या माणसाचीही अडचण होते. एका बोटीवरची चिप दुसऱ्या मालकाच्या बोटीवर वटेल असं गृहीत धरू नका. निघण्याआधी तिथेच पैसे करून घ्या. आणि प्रवेशाच्या पॅकेजमध्ये ज्या चिप्स मिळतात त्या बहुतेक ‘ओटीपी’, म्हणजे वन टाइम प्ले असतात. ती चिप एकदाच लावायची. जिंकलात तर जिंकलेली रक्कम वटणाऱ्या चिप्समध्ये मिळते, पण ओटीपी चिपचे स्वतःचे पैसे कॅशियर देत नाही. कितीतरी जण रात्रभर त्या जपून ठेवतात आणि पहाटे कॅशियरच्या खिडकीवर नेऊन हुज्जत घालतात. चिप हातात पडताच तिच्यावर काय छापलंय ते वाचा, आणि कळलं नाही तर डीलरला विचारा: ही कितीची, आणि खिडकीवर वटते का?