टीपीओसाहेब, आधी लोकेशन ऑन करा

अभिनंदन! कॉलेजने ट्रेनिंग अँड प्लेसमेंटचं लोढणं तुमच्या गळ्यात अडकवलं आहे. शिकवण्याचे तास एकानेही कमी होणार नाहीत, एवढी खात्री बाळगा. पण नाशकात असल्यामुळे घाबरायचं कारण नाही. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, कुठेही तोंड केलं तरी कारखाना. चौकाचं नावसुद्धा मायको सर्कल, तेही मायको (आताची बॉश) कंपनीवरून. उद्योग शोधायचा प्रश्नच नाही, फक्त गेटवरच्या सिक्युरिटीला पटवायचं असतं.

सुरुवात सामंजस्य करारापासून करा. मोठ्या कंपनीच्या नादी लागू नका. त्यांच्याकडे कागद लीगल डिपार्टमेंटला जातो आणि तिकडेच रिटायर होतो. त्यापेक्षा तुमच्या मेव्हण्याच्या मित्राचं अंबडला सहा मशीनचं जॉबवर्क असेलच. तो सकाळी बोलावलं की दुपारी येतो आणि जेवायलाही थांबतो. शाल, श्रीफळ, बुके. (एकेकाळी गुलशनाबाद म्हणायचे आपल्या गावाला, फुलांची काटकसर नको.) करारात 'ज्ञानाची देवाणघेवाण' पाहिजेच, पण त्याहून महत्त्वाचं वाक्य म्हणजे 'कोणत्याही पक्षावर आर्थिक बोजा पडणार नाही'. असे करार वर्षानुवर्षं सुखाने नांदतात ते याच वाक्याच्या पुण्याईवर. फ्लेक्सवर मात्र सुखोई छापा. ओझरला बनलेलं, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं विमान. मेव्हण्याचा मित्र बुश टर्निंग करतो, हे फ्लेक्सवर कुठे लिहायचंय?

आणि फोटो! मोबाइलचं लोकेशन ऑन आहे ना, ते सही व्हायच्या आधी बघा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजची प्रत ठरवणाऱ्यांच्या, फायलीत अक्षांश-रेखांश नसलेला फोटो म्हणजे न झालेला कार्यक्रम. मागच्या खेपेला आमचा शिपाई लोकेशन ऑन करायला विसरला, तर पाहुण्यांना परत बोलावून तोच करार पुन्हा करावा लागला. शाल तीच, नारळ नवा.

मग इंडस्ट्रियल व्हिजिट. साठ पोरं, एक बस, कंपनीत पिवळ्या पट्ट्याच्या आतून चाळीस मिनिटं चालायचं, मग त्र्यंबकेश्वर. पट्ट्यावरून कोणी हलू नये याकडे लक्ष ठेवा. आमच्या वेळी एक मुलगी हललीच. एका ऑपरेटरने तयार जॉबच्या, म्हणजे मशीनवर बनवलेल्या भागाच्या, भोकात माप तपासायच्या गेजचं एक टोक घातलं, गेलं. दुसरं घातलं, तेही गेलं. जॉब सरळ लाल ट्रेमध्ये. तिने विचारलं, "दोन्ही गेली तर चांगलंच की?" तो हसला, गेज तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "ताई, हे 'नो गो'चं टोक. हे गेलं म्हणजे भोक मोठं झालं. आता तुम्ही बघा." तिने आठ-दहा जॉब तपासले, त्यातला एक स्वतःच लाल ट्रेमध्ये टाकला. टॉलरन्सवर, म्हणजे मापात किती फरक चालतो यावर, मी दोन तास बोललो होतो, ते तिला तिथे पाच मिनिटांत कळलं. असले प्रकार ताबडतोब थांबवा. बस उभी असते आणि त्र्यंबकला दर्शनाची रांग वाढत असते.

कॉलेजात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, आहेच. त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढू नका. खंडेनवमीला हळद-कुंकू, झेंडूचा हार आणि तपासणी समितीपुढे एकदा स्पिंडल फिरवायचं, एवढं वर्षाला पुरे.

यूजीसीने २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणले, म्हणजे प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाने कॉलेजात येऊन शिकवायचं. पदवीचा आग्रह नाही, पण आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव हवा. सातपूरला टूलरूममधून रिटायर झालेले एक काका आहेत, मशीनच्या आवाजावरून टूल बोथट झालं ते सांगतात. त्यांना अजिबात बोलावू नका. त्यांना पीपीटी येत नाही. त्यापेक्षा एखादा व्हाइस प्रेसिडेंट गाठा. तो ऑनलाइन येतो, 'इंडस्ट्री ४.०' म्हणतो आणि चहाचाही खर्च नाही.

सरकार तर आपल्याच बाजूचं. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते १५ टक्के शिकाऊ घ्यायचेच, असा नियम. पदवीधर शिकाऊच्या किमान विद्यावेतनातला निम्मा वाटा केंद्र उचलतं. म्हणजे सरकार पैसे द्यायला तयार, कंपनी जागा द्यायला, पोरगं जायला. मध्ये फक्त पोर्टल आणि तुम्ही. पोर्टल बंद असेल तर तुमचा दोष नाही, आणि चालू असेल तेव्हा नेमके तुम्ही परीक्षेच्या ड्यूटीवर.

इंटर्नशिपचं लॉगबुक आदल्या रात्री तीन वेगवेगळ्या पेनांनी भरायला सांगा. एकाच शाईने आठ आठवडे काम केलेलं बरं दिसत नाही.

एवढं करूनही एखाद दिवशी खरंच फोन येईल. "सर, आपला करार आहे ना? सहा महिन्यांसाठी दोन मुलं द्या, व्हर्नियर धरता आलं तरी चालेल. स्टायपेंड देतो. सोमवारी पाठवता?" गडबडून जाऊ नका. प्राचार्य मुंबईला गेलेत, सविस्तर मेल टाका, असं सांगा. फोन ठेवायच्या आत एवढं मात्र विचाराच: "करार झाला तेव्हाचा एखादा फोटो आहे का हो तुमच्याकडे? आमच्यातलं लोकेशन मालेगावचं दाखवतंय."