कानाचं नामांतरण

सर्दीनं डावा कान बसला, एवढंच. पण कालपासून माझाच आवाज मला रांजणातून ऐकू येतोय आणि इकडे डॉक्टरांनी दीड मिनिटात निकाल दिला, "युस्टेशियन ट्यूब ब्लॉक आहे. व्हॅल्साल्वा करत राहा." फी पाचशे. बाहेर येतो तर भर हॉलमध्ये कंपाउंडर ओरडला, "युस्टेशियनवाले, पर्ची ले लो!"

शेजारी रामबागेतले एक काका. रिटायर पटवारी.

"हे युस्टेशियन कोण तुमचे?"

"कोणी नाही. सोळाव्या शतकातले इटालियन डॉक्टर, युस्टाकी. घशातून कानात जाणारी नळी त्यांच्या नावावर आहे."

काका सावरून बसले. "नळी तुमच्या डोक्यात, आणि नावावर त्यांच्या? नामांतरण करून आपलं नाव नाही चढवलंत?"

आत जायच्या आधी तासभर मोबाइलच चाळत होतो, तेव्हा माल तयार होता. "त्यांनी स्वतः नाही चढवलं हो. १७०४ मध्ये व्हॅल्साल्वा नावाच्या दुसऱ्या इटालियनानं ते नाव लावलं. आणि नाक दाबून फुंकायचं, त्याला नाव व्हॅल्साल्वाचं."

"मिलीभगत!"

"युस्टाकींच्या स्वतःच्या आकृत्या १५५२ मध्ये तयार होत्या. छापल्या १७१४ मध्ये."

काकांनी पेरांवर मोजलं. "एकशे बासष्ट वर्षं." सुरात थोडी असूया होती. "आमच्या तहसिलीत एवढी फाइल कुणाला दाबता नाही आली."

"१९५५ मध्ये पॅरिसला शरीरशास्त्रवाले बसले आणि असली माणसांची नावं अवयवांच्या यादीतून काढली. १९९८ च्या यादीतही नाहीत. रेकॉर्डला ही ऑडिटरी ट्यूब."

"रेकॉर्डचं सोडा. कब्जा कोणाचा?"

इथे मी गप्प झालो. कब्जा आतल्या केबिनचा. 'घशाकडून कानात जाणारी नळी सर्दीनं बंद झाली आहे', हे म्हणायला किती वेळ लागतो? पण मग पाचशे रुपये कशाचे घेणार! आणि फुंकायचं ते हळू, हे मला सांगितलं कोणी? मोबाइलनं. पर्चीवर नुसतं 'ई. टी.'. बायको घरी विचारणार, तिला काय सांगू?

शेवटी तिथेच नाक दाबलं, गाल फुगवले. समोरचं पोरगं आईला कोपरानं ढोसून हसलं. कानात फट् झालं, अर्धा कान उघडला आणि पहिला आवाज आला तो कंपाउंडरचाच, "कान का मैल किसका है?"

"आमचा," काका उठले आणि जाता जाता माझ्या उघड्या कानाकडे वाकून म्हणाले, "रजिस्ट्रीसकट."