कंटेंट सेम आहे

आमच्या घरी गोळ्यांना नावं नाहीत, रंग आहेत. बाबांची म्हणजे माझ्या सासऱ्यांची पांढरी बीपीची, त्याहून छोटी पांढरी हार्टची, पिवळी उपाशीपोटी घ्यायची, आणि "ती मेली घशात अडकते ती" म्हणजे कॅल्शियमची. आईंचं अजून सोपं, त्या गोळ्या माणसांवरून ओळखतात. वहिनींनी दिलेली, शेजारणीला गुण आलेली, कल्याणच्या डॉक्टरांची. आता वहिनींनी दिलेली गोळी नेमकी कशावरची हे वहिनींनाही माहीत नसतं कारण त्यांना ती त्यांच्या व्याह्यांनी दिलेली असते.

घरात बारीक अक्षर चष्म्याशिवाय वाचू शकणारी मी एकटीच, त्यामुळे लग्न होऊन आले तसं औषधांचा डबा हे खातं आपोआप माझ्याकडे आलं. डबा म्हणजे कुठल्यातरी दिवाळीत आलेला बिस्किटांचा पत्र्याचा. आत स्ट्रिपचे तुकडेच तुकडे. मेडिकलवाल्याकडे दोन गोळ्या मागितल्या की तो कात्रीने कचकन कापून देतो, मग नाव एका तुकड्यावर जातं, एक्सपायरी दुसऱ्यावर आणि दुसरा तुकडा दुकानातच राहतो. परवा एक तुकडा निघाला त्यावर फक्त "लहान मुलांपासून दूर ठेवा" एवढंच शिल्लक होतं. दूर ठेवायचंय हे समजलं, काय ठेवायचंय ते नाही. असे तुकडे मी सरळ बाजूला काढते, आणि आई ते परत डब्यात ठेवतात, "अगं पैसे देऊन आणलीये ती, असू दे, लागली तर."

हे सगळं तसं सुरळीत चालू होतं, पण भर पावसात सांगलीहून आत्याबाई आल्या, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहीण. ट्रेनमध्ये भिजल्या, रात्री सर्दी, सकाळी ताप, आणि गुडघा तर काय बारमाही. मी डबा काढायला उठले तर म्हणाल्या, "बस गं, माझं माझ्याकडे आहे," आणि पर्समधून तीन स्ट्रिप काढून टीपॉयवर मांडल्या. सर्दीला सर्दीची गोळी तीन वेळा, तापाला डोलो ६५० तीन वेळा, गुडघ्याला झिरोडॉल पी सकाळ संध्याकाळ. तीन दुखणी, तीन गोळ्या. ऐकायला अगदी चोख वाटतं, नाही का?

सवयीने मी स्ट्रिपा उलट्या केल्या. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल ५००. डोलोत पॅरासिटामॉल ६५०, त्यात दुसरं काहीच नसतं. झिरोडॉल पी मध्ये ॲसिक्लोफिनॅक १०० आणि सोबत, हो, पॅरासिटामॉल ३२५. मोबाईलवर हिशोब मांडला, पाचशे त्रिक दीड हजार, साडेसहाशे त्रिक एकोणीसशे पन्नास, वर सव्वातीनशे दुणे साडेसहाशे. ४१०० मिलीग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाला सगळं मिळून २४ तासांत ४००० च्या वर जायचं नसतं, आणि आमच्या आत्याबाई नऊवारी आणि पर्ससकट काट्यावर उभ्या केल्या तरी चाळीसच्या आसपास, त्यांची मर्यादा तर त्याहून बरीच खाली.

"अगं पण तिन्ही वेगवेगळ्या आहेत ना, ही बघ ही तर गुलाबी आहे!"

पॅरासिटामॉल हा लग्नातल्या त्या मामासारखा आहे जो मुलाकडच्या फोटोतही असतो आणि मुलीकडच्याही. क्रोसिनमध्ये तोच, कॅल्पॉलमध्ये तोच, कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनच्या खांद्यावर हात टाकून उभा, सॅरिडॉनमध्ये कॅफिनच्या शेजारी. आमचे भाऊजी न्यू जर्सीहून येताना टायलेनॉलची बरणी आणतात, "तिकडची जास्त स्ट्राँग" म्हणून आई ती लॉकरमध्ये ठेवायच्याच बाकी आहेत, आणि तिच्यावर लिहिलंय ॲसिटामिनोफेन, म्हणजे परत मामाच, अमेरिकेत गेल्यावर नाव बदललेला.

बरं गोळी वाईट आहे असं अजिबात नाही, मापात घेतली तर इतकी गुणी गोळी शोधून सापडणार नाही. पण लिव्हरमध्ये तिचा थोडा भाग विषारी होतो, तो निस्तरायला लिव्हरकडे ग्लुटाथिओन नावाचा साठा असतो, आणि डोस जास्त झाला की साठा संपतो, मग ते विष लिव्हरच्या पेशींवरच उलटतं. आणि यातली डांबिस गोष्ट म्हणजे पहिल्या दिवशी काही समजतच नाही, फार तर मळमळ. ॲसिटिलसिस्टीनचा उतारा आहे पण तो जितका लवकर तितका कामाचा, म्हणजे चुकून जास्त गेली तर बरं वाटतंय म्हणून घरी बसायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं. हे सगळं मी आत्याबाईंना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही, लिव्हर वगैरे."

शेवटी डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला, कारण सुनेपेक्षा डॉक्टरचा आवाज जास्त लागू पडतो. त्यांनी सर्दीची गोळी आधी बंद केली, म्हणाले त्यात फेनिलेफ्रिन आहे, नाक मोकळं व्हावं म्हणून घालतात पण ते बीपी चढवू शकतं, आणि आजींना बीपी आहे. झिरोडॉल पी पण सध्या थांबवली. आत्याबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मात्र वाफ घेता घेता स्वतःच म्हणाल्या, "शिकव मला ते वाचायला." आणि इथून माझे खरे हाल सुरू झाले. कारण नियम सांगावा तर तो टिकत नाही ना. मी म्हणलं नावापुढे पी असला की समजायचं पॅरासिटामॉल. त्यांनी आमच्या पोराचं मेफ्टाल पी आणून समोर ठेवलं, त्यात पॅरासिटामॉल नावालाही नाही, नुसतं मेफेनॅमिक ॲसिड. आणि मेफ्टाल फोर्ट, ज्यात पी चा पत्ता नाही, त्यात मात्र आहे! मग एमआर. झिरोडॉल एमआर मधला एमआर म्हणजे मसल रिलॅक्संट, आखडलेले स्नायू सैल करणारा. बाबांच्या शुगरच्या डायमायक्रॉन एमआर मधला एमआर म्हणजे मॉडिफाइड रिलीज, गोळी पोटात हळूहळू सुटणारी, म्हणून ती चावायची किंवा कुटायची नाही, आणि आई ती इतके दिवस मधातून चेचून देत होत्या हे त्याच बैठकीत उघडकीला आलं.

बाबा मध्येच म्हणाले माझं डोकं दुखतंय, एक डिस्प्रिन दे. हार्टची इकोस्प्रिन चालू असताना! दोन्हीत ॲस्पिरिनच, आणि मग पोटात रक्तस्रावाची भीती वाढते. त्यांना मिळाला बाम.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचं तर विचारूच नका. त्यांची बीपीची टेल्मा संपली, मेडिकलवाल्याने टेल्मीकाइंड दिली, "कंटेंट सेम आहे काका, फक्त कंपनी वेगळी." दोन्हीत टेल्मिसार्टन, त्याचं काही चुकलं नाही. पण घरी गेल्यावर काकांना कपाटात जुन्या टेल्माचं अर्धं पाकीट सापडलं, आणि काकांचा स्वभाव असा की पैसे दिलेली वस्तू वाया घालवायची नाही, दोन्ही चालू केल्या. चार दिवस काकांना सोसायटीचा जिना हलताना दिसत होता आणि ते त्याबद्दल कमिटीकडे लेखी तक्रार करणार होते.

सरकारने काही केलं नाही असं नाही. २०१८ पासून नियम आहे की पाकिटावर आतल्या औषधाचं नाव ब्रँडच्या नावापेक्षा निदान दोन फॉन्ट साईझ मोठं हवं. मी हा नियम हातात भिंग घेऊन शोधते. २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड पण सक्तीचा झालाय, स्कॅन केला की औषधाचं खरं नाव, बॅच, एक्सपायरी सगळं दिसतं. हे ऐकून बाबा खूश झाले, पेमेंटचं ॲप उघडून डोलो स्कॅन केली आणि म्हणाले, "काही जात नाहीये गं पैसे, नेटवर्क नाही वाटतं."

तर आत्याबाई बऱ्या होऊन सांगलीला गेल्या त्या माझ्याकडून एक तक्ता घेऊनच. ब्रँडचं नाव, आतलं औषध, किती मिलीग्रॅम, कधी घ्यायची, आणि कोणत्या दोन एका दिवशी नाहीत, मोठ्या टाइपात प्रिंट काढून दिला. आता त्या मेडिकलमध्ये जाऊन काउंटरवर तक्ता पसरतात, प्रत्येक स्ट्रिप उलटी करून वाचतात आणि स्ट्रिप नावाच्या उलट्या बाजूने कापायला लावतात, मागे लाइन लागली तरी. काल फोन आला.

"अगं तो मेडिकलवाला मला विचारतो, आजी तुम्ही औषध कंपनीच्या एमआर आहात का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणलं आधी नीट सांग, मसल रिलॅक्संट का मॉडिफाइड रिलीज?"