कागदांचं काय?
जुनी गाडी घेताना काय बघावं यावरच्या या लेखात इंजिन, टायर, किलोमीटर यांवर भरपूर लिहिलंय, पण डीलरकडून जुनी गाडी घेणाऱ्याला नंतर छळतात ते कागद. आमच्या मेव्हण्यांनी पुण्यात एका डीलरकडून वॅगनआर घेतली. गाडी खरंच चांगली निघाली, सर्व्हिस रेकॉर्डही चोख. पण आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) आधीच्या मालकाच्या बँकेचा कर्जाचा बोजा तसाच! बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) येईपर्यंत नाव बदलेना, आणि डीलरचं एकच पालुपद, "होऊन जाईल साहेब." (पैसे मोजून घेताना मात्र फार तत्पर.)

१ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं. ते आधी दाखवा म्हणावं. थकलेली ई-चलनं गाडीच्या नंबरावरून ऑनलाइन दिसतात, तीही बघून घ्या.

आणि विमा! "चालू आहे" एवढ्यावर भागत नाही. १४ दिवसांत तो आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही, त्या फरकाचे पैसे वेगळे भरावे लागतात. मेव्हण्यांना हे डीलरने नाही, विमा कंपनीने सांगितलं.