चहा नाकारणारे ख्रिस्ती आणि धर्माचा रकाना

जनगणना जवळ आली की महाराष्ट्रात एक जुना प्रश्न पुन्हा तापतो. लिंगायतांनी धर्माच्या रकान्यात काय लिहायचं, हिंदू की लिंगायत? २०१७-१८ मध्ये लातूर, सांगली, कोल्हापुरात यावरून मोठे मोर्चे निघाले. मार्च २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने स्वतंत्र धर्माच्या बाजूने शिफारस केली, केंद्राने ती मानली नाही. आता २०२७ च्या जनगणनेच्या निमित्ताने तेच सगळं नव्याने सुरू आहे. परदेशस्थ मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर यावर एक ठरलेलं वाक्य येऊन पडतं: "आमच्या अमेरिकेत असलं काही कुणी विचारत नाही बुवा."

वाक्य अर्धंच खरं आहे. अमेरिकेच्या जनगणनेत धर्माचा रकाना नाही, आणि १९७६ च्या कायद्यानुसार धर्माबद्दल उत्तर देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. पण निदान युटा राज्यात राहणाऱ्याने तरी हे वाक्य बोलू नये. 'तुम्ही आमच्यातले की नाही' या प्रश्नावरून इथल्या एका समाजाने माणसं गमावली, मालमत्ता गमावली, मतदानाचा हक्क गमावला. तो समाज म्हणजे मॉर्मन.

गंमत अशी, की त्यांचं भांडण आपल्या बरोबर उलटं आहे. आपल्याकडे लहान गट म्हणतो 'आम्ही वेगळे', आणि मोठा गट म्हणतो 'छे, तुम्ही आमचेच'. इथे लहान गट पावणेदोनशेहून जास्त वर्षं सांगतोय 'आम्ही ख्रिस्तीच', आणि मोठा गट म्हणतो 'मुळीच नाही'. जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० ला न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या या पंथाच्या अधिकृत नावातच जीझस क्राइस्ट आहे: द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. तरी व्हॅटिकनने २००१ मध्ये स्पष्ट केलं, की मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नाही. ल्युथरन माणूस कॅथलिक झाला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही, मॉर्मनाला घ्यावा लागतो. कारणं ठोस आहेत. बायबलच्या जोडीला आणखी धर्मग्रंथ, आजही ईश्वराशी बोलणारा प्रेषित, पिता आणि पुत्र यांना दोन वेगळ्या देहधारी व्यक्ती मानणं, आणि माणूस पुढे देवपदाला पोचू शकतो ही शिकवण. इतर ख्रिस्ती पंथांना यातली एकही गोष्ट पचत नाही.

भांडणाची दिशा उलटी का, याचं उत्तर श्रद्धेपेक्षा कायद्यात जास्त सापडतं. भारतात वेगळा धर्म ठरला की राज्यघटनेचं कलम ३० लागू होतं, शिक्षणसंस्था अल्पसंख्याक ठरतात. अशा शाळेला आरटीईच्या २५ टक्के जागांचं बंधन नाही, आणि कलम १५(५) मधल्या आरक्षणातूनही अशा संस्था वगळल्या आहेत. म्हणजे धर्माच्या रकान्यामागे प्रवेशाची यादी उभी असते. अमेरिकेत करसवलत सगळ्याच पंथांना सारखी. करखातं 'तुम्ही ख्रिस्ती का' असं विचारत नाही. ख्रिस्ती ठरून सरकारकडून काहीच मिळत नाही. मिळते ती पत, आणि निवडणुकीत मतं.

सरकारने जे काही केलं ते काढून घेण्याचं. १८३८ मध्ये मिसुरीचा गव्हर्नर बॉग्ज याने मॉर्मनांना राज्याबाहेर घालवा, गरज पडल्यास संपवा असा लेखी हुकूम काढला. तो अधिकृतपणे मागे घ्यायला १९७६ साल उजाडलं. १८४४ मध्ये जोसेफ स्मिथला इलिनॉयमधल्या तुरुंगात जमावाने मारलं. ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग लोक वाळवंट तुडवत २४ जुलै १८४७ ला सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. १८५२ मध्ये त्यांनी बहुपत्नीत्व उघड मान्य केलं, आणि इथून कायद्याचा फास आवळत गेला. १८७९ मध्ये रेनॉल्ड्स या मॉर्मनावरच्या बहुपत्नीत्वाच्या खटल्यात अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट म्हणालं, श्रद्धा मोकळी, आचरणावर मात्र कायद्याचा अंमल. १८८२ च्या एडमंड्स कायद्याने लग्न सिद्ध करण्याची कटकटच काढून टाकली. एकापेक्षा जास्त बायकांबरोबर 'संसार' दिसला की सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ३०० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मतदान, ज्युरी, सरकारी पद सगळं बंद. आयडाहोत तर मतदाराला शपथ घ्यावी लागे, की बहुपत्नीत्व शिकवणाऱ्या कुठल्याही संस्थेचा मी सदस्य नाही. म्हणजे एकाच बायकोचा मॉर्मनही बाद. ही शपथ सुप्रीम कोर्टाने १८९० मध्ये डेव्हिस विरुद्ध बीसन खटल्यात वैध ठरवली. १८८७ च्या कायद्याने चर्चची संस्था म्हणून असलेली मान्यता काढली, ५०,००० डॉलरवरची मालमत्ता जप्त करायचं ठरवलं, आणि युटातल्या बायकांना १८७० पासून असलेला मताधिकारही जाता जाता काढून घेतला.

हा डेव्हिस-बीसन खटला मराठी वाचकाला दूरचा वाटेल, पण तो मुंबईत पोचलेला आहे. मुंबई राज्याच्या १९४६ च्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्याला नरसू अप्पा माळी खटल्यात आव्हान मिळालं. न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने कायदा टिकवला, आणि श्रद्धा व आचार यांत फरक करताना याच मॉर्मन खटल्याचा आधार घेतला. निकालाची तारीख २४ जुलै १९५१. मॉर्मन लोक सॉल्ट लेकला पोचल्याचाच तो वाढदिवस. योगायोग, पण झकास. पुढे १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने डेव्हिस-बीसनमधली धर्माची व्याख्या तोकडी म्हणून बाजूला ठेवली, कारण धर्मात आचारही येतो. त्यामुळे 'अमेरिकेत असं नसतं' म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, की दुसऱ्या लग्नाला आळा घालताना आपण अमेरिकेकडूनच उसनवारी केली होती.

मान्यतेचा हिशोब चुकता करायला मॉर्मनांना सतरा वर्षं लागली. सप्टेंबर १८९० मध्ये अध्यक्ष विलफर्ड वुड्रफ यांनी नवी बहुपत्नी लग्नं थांबवल्याचं जाहीर केलं. १८९१ मध्ये मॉर्मनांचा स्वतःचा पीपल्स पार्टी हा पक्ष विसर्जित झाला. युटा अजून राज्य नव्हतं, केंद्राच्या ताब्यातला प्रदेश होता; सगळेच्या सगळे डेमोक्रॅट झाले तर रिपब्लिकन राज्याचा दर्जा मिळू देणार नाहीत, ही नेत्यांची धास्ती होती. काही ठिकाणी प्रार्थनागृहात बाकांच्या डाव्या-उजव्या रांगा करून 'तुम्ही इकडे, तुम्ही तिकडे' असे पक्ष वाटून दिल्याची आख्यायिका अजून सांगतात. ४ जानेवारी १८९६ ला युटा राज्य झालं. तरी १९०० मध्ये तीन बायकांच्या बी. एच. रॉबर्ट्स यांना निवडून येऊनही अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहाने बसू दिलं नाही. मग आले रीड स्मूट. बायको एकच, पण चर्चच्या सर्वोच्च बारा जणांपैकी एक. त्यांच्या सिनेटच्या जागेवर १९०४ पासून सुनावणी चालली. चर्चचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांनी साक्षीत कबूल केलं, की १८९० नंतरही ते आपल्या पाचही बायकांबरोबर संसार करत होते. महिन्याभरात दुसरं जाहीरनामापत्र निघालं: आता नवं बहुपत्नी लग्न करील तो चर्चबाहेर. स्मूट यांची जागा १९०७ मध्ये पक्की झाली.

एवढं सगळं देऊन टाकल्यावर वेगळेपण कशात उरलं? बऱ्याच अंशी चहा-कॉफीत. दारू, तंबाखू, चहा, कॉफी नको हा सल्ला १८३३ चा, पण तो बराच काळ सल्लाच होता; जुने मॉर्मन कॉफी पीत. लग्नाची खूण गेली, तसा विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत हा सल्ला नियम झाला, मंदिरात शिरायची अट झाला. मॉर्मन पाहुणा घरी येणार असेल तर एवढं लक्षात ठेवावं: काळा आणि हिरवा चहा नाही, थंड चहा नाही, कॉफी गरम असो वा गार, नाही. कोको, मसाला दूध, गवती चहाचा नुसता काढा, कोकाकोला हे सगळं चालतं. 'आलं घालून अर्धा कप तरी घ्याच' हा आपला आग्रह मात्र चालत नाही.

दुसरी खूण वॉर्ड. हा शब्द नगरपालिकेतल्यासारखाच, आणि वाटणीही तशीच, नकाशावर रेषा ओढून. ज्या हद्दीत घर, त्या वॉर्डात हजेरी. उपदेश आवडला नाही म्हणून शेजारच्या वॉर्डात जाता येत नाही. बिशप पगारी नसतो. आपला दंतवैद्य, हिशेबनीस किंवा प्लंबर साधारण पाच वर्षं बिशप असतो आणि मग पुन्हा साधा सदस्य होतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडायचं आणि त्याचे पैसे गरजूंच्या फंडात टाकायचे. उत्पन्नाचा दशांश वेगळा. तो कर कापण्याआधीच्या पगारावर की नंतरच्या, याचा निर्णय चर्च सदस्यावर सोडतं, त्यामुळे नवरा-बायकोत वाद ठरलेला. मंदिरात जायला 'रेकमेंड' नावाचं कार्ड लागतं. ते दोन वर्षं चालतं, आणि त्यासाठी आधी बिशपच्या, मग वरच्या पातळीवर स्टेकच्या, म्हणजे अनेक वॉर्ड मिळून झालेल्या विभागाच्या प्रमुखांच्या, मुलाखतीला बसावं लागतं.

हे यंत्र बिघडतं ते लग्नाच्या दिवशी. मंदिरातलं लग्न फक्त कार्डधारकांनाच बघता येतं. मुलगा मॉर्मन झाला किंवा आईने दशांश थांबवला, की आई बाहेर बाकावर. आधी कोर्टात लग्न करून सगळ्यांना बोलवायचं, तर अमेरिकेत मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबायची शिक्षा होती. ती मे २०१९ मध्ये गेली. आपल्याकडे वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. अमेरिकेत असा कायदा कोर्टात एक दिवस टिकणार नाही. चर्चने कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर काढायचं, यात सरकार पडत नाही.

राजकारणातली मान्यता तर धर्मशास्त्राला वळसा घालून आली. ऑक्टोबर २०११ मध्ये टेक्ससचे बाप्टिस्ट पाद्री रॉबर्ट जेफ्रेस यांनी, अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवारी मागणारे मॉर्मन नेते मिट रॉमनी यांचा पंथ 'कल्ट' म्हणजे भोंदू संप्रदाय असल्याचं पत्रकारांना सांगितलं. वर्षभराने रॉमनी इव्हँजेलिकल, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंट, मंडळींचे वयोवृद्ध धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांना भेटून आले, आणि ग्रॅहम यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या कल्टांच्या यादीतून मॉर्मन हे नाव गळालं. नोव्हेंबर २०१२ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे ७९ टक्क्यांनी रॉमनींना मत दिलं. बुशना २००४ मध्ये साधारण तेवढंच मिळालं होतं. बाप्तिस्म्याचा वाद तसाच राहिला, समोर ओबामा होते एवढंच. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रम्प यांनी मुस्लिमांना देशात येऊ देऊ नका म्हटल्यावर चर्चने लगेच जोसेफ स्मिथचे धर्मस्वातंत्र्यावरचे शब्द छापले. १८३८ चा हुकूम विसरला गेला नव्हता. २०१६ मध्ये युटात ट्रम्प ४५ टक्क्यांवर अडकले आणि इव्हान मॅकमलिन या अपक्ष मॉर्मनाने २१ टक्के मतं नेली. २०२० मध्ये ट्रम्प ५८ टक्क्यांवर गेले. मुख्य प्रवाहात मिसळल्याचं हेही एक माप. मला ते फार अभिमानाचं वाटत नाही.

आता पुन्हा घरच्या वादाकडे. 'हिंदू कोण' याची आपल्या कोर्टांत सर्रास उद्धृत होणारी व्याख्या १९६६ च्या निकालातली, आणि ती लिहिली नरसू अप्पा खंडपीठावरच्याच, साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी, लोकमान्य टिळकांच्या व्याख्येचा आधार घेऊन. त्या व्याख्येत पहिलीच अट वेदांविषयी प्रामाण्यबुद्धी. वेदप्रामाण्य नाकारलेल्या बसवण्णांच्या अनुयायांना ती कशी लागू होते, हा लिंगायतांचा प्रश्न मला रास्त वाटतो. पण तो खटला कशासाठी होता तेही विसरू नये. अहमदाबादच्या स्वामीनारायण सत्संगींनी १९४८ मध्ये 'आम्ही हिंदू नाही' म्हटलं, ते मंदिरप्रवेशाच्या कायद्यातून सुटायला, दलितांना दाराबाहेर ठेवायला. आणि मॉर्मनांनीही जून १९७८ पर्यंत कृष्णवर्णीयांना पौरोहित्य आणि मंदिरातले विधी नाकारले होते. १९६९ मध्ये वायोमिंग विद्यापीठाच्या १४ कृष्णवर्णीय फुटबॉलपटूंनी मॉर्मन विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात काळ्या फिती बांधायचं ठरवलं, तर त्यांनाच संघातून काढलं. अहमदाबादला दार कायद्याने उघडलं. सॉल्ट लेकला ते चर्चच्या वरिष्ठांना साक्षात्कार होईपर्यंत बंद राहिलं. म्हणून लातूरच्या मोर्चात 'आम्ही वेगळे' असं ऐकलं की मी आधी बघतो, या दारातून कोण आत येणार आणि कोण बाहेर राहणार. बसवण्णांच्या कल्याणात ब्राह्मण मुलीचं चांभाराच्या मुलाशी लग्न लागलं, ही परंपरा लिंगायत स्वतःच सांगतात. तेव्हा मागणीची बाजू सत्संगींपेक्षा भक्कम. मागणीमागे फक्त महाविद्यालयातल्या जागांचा हिशोब असेल, तर मात्र ती तेवढी भक्कम राहत नाही.

युटात मॉर्मन बहुसंख्याकांसारखे वागतात, आणि मग अल्पसंख्याक कसं वाटतं ते बाकीच्यांना कळतं. शाळेत एका तासाला मुलं उठून शेजारच्या चर्चच्या इमारतीत धर्मशिक्षणाला जातात, वर्गात उरलेलं मूल मोजून घेतं आपण किती. वाईन आणि कडक दारू फक्त सरकारी दुकानात, तीही रविवारी बंद. गाडी चालवताना रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०५ टक्के, अमेरिकेतल्या इतर राज्यांत ०.०८. दुसरीकडे स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरात होळीला हजारोंनी येतात ते बहुतांशी मॉर्मन विद्यार्थीच. दारूशिवाय रंगात न्हायला मिळतं म्हणून.

२४ जुलैला राज्यात सुट्टी असते. सकाळी पायोनिअर डेची मिरवणूक, घोडागाड्या, जुन्या पद्धतीचे झगे. मिरवणुकीशी देणंघेणं नसलेले लोक त्याच दिवशी 'पाय अँड बिअर डे' साजरा करतात; 'पायोनिअर' मोडून केलेली कोटी. सरकारी दुकानं त्या दिवशी बंद असतात. किराणा दुकानात पाच टक्क्यांपर्यंतचीच बिअर मिळते, त्याहून कडक हवी असेल तर २३ तारखेलाच आणून ठेवावी लागते.